रीत माणसासाठी, माणूस रीतीसाठी नव्हे

आम्ही नवीनच गुरुदीक्षा घेऊन सीमाभागात सेवेसाठी आलो होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. रविवारच्या मिस्साला कोगनोळीहून एक वयस्क शेतकरी येत असत. अंगात पांढरा सदरा, खाली धोतर आणि डोक्याला नीट बांधलेला पटका. देवळाच्या दाराशी वहाणा काढून ते आत येत आणि खांबाजवळ मांडी घालून बसत. पटका मात्र डोक्यावर तसाच राही. सेमिनरीत आम्ही शिकलो होतो की पुरुषाने देवाच्या घरात उघड्या मस्तकाने बसावे. म्हणून एके रविवारी आम्ही त्यांस जवळ बोलावून हलक्या आवाजात पटका काढण्यास सांगितले. त्यांनी तो निमूटपणे काढला, मांडीवर ठेवला आणि सारी मिस्सा खाली मान घालून ऐकली.

मिस्सा संपल्यावर ते आमच्याजवळ आले व म्हणाले, "फादर, तुमी सांगितलंसा म्हणून काढला. पर आमच्यात घरात मयत झालं तरच डोकं उघडं करत्यात. आज देवाच्या म्होरं बोडकं बसाय लई कसंतरी वाटलं बघा."

त्या वाक्याने आम्ही खजील झालो. ज्या कृतीला आम्ही आदर समजत होतो, ती त्यांच्या दृष्टीने सुतकाची खूण होती. आणि ज्या पटक्याला आम्ही बेअदबी समजत होतो, तोच त्यांचा आदर होता. दोघांच्याही मनात देवाविषयी भक्ती होती. भिन्न होती ती केवळ रीत. पुढल्या रविवारी आम्हीच त्यांस पटका बांधून बसण्याची विनंती केली. परंतु या प्रसंगाने मनात जो प्रश्न उभा केला, तो आजतागायत आमची पाठ सोडीत नाही. कोणती रीत पाळावी, कोणती बदलावी आणि कोणती मोडून टाकावी? प्रत्येक ख्रिस्ती घरात आज हा प्रश्न या ना त्या रूपाने उभा आहे. म्हणून त्याविषयी वाचकांशी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

बारा कोसांवर रीत बदलते

कोगनोळी हे गाव अशा विचारास मोठे सोयीचे आहे. पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गाने कागल मागे टाकून, दूधगंगा ओलांडून आपण निपाणीच्या वाटेला लागलो की हे गाव येते. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. सरकारदरबारी चाललेला सीमेचा वाद हा आमचा विषय नव्हे. आम्हांला सांगावयाचे आहे ते एवढेच, की दोन भाषा आणि दोन चालीरीती येथे एकाच ओसरीवर शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात.

मोठ्या भावाला आपण अण्णा म्हणतो, थोरल्या बहिणीला अक्का म्हणतो, वडीलधाऱ्यांस अप्पा म्हणतो. ही तिन्ही नावे कन्नड घरांतही तितकीच आपली मानली जातात. आमच्या भागातील बाई "मी येतो," "मी जेवतो" असे बोलते. ते ऐकून पुण्याच्या बाईला हसू येते. पण येथील बाईने तसे म्हणण्यात काही गैर आहे असे कोणी मानीत नाही. घरातून निघताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. बापाला अहो-जाहो करतो, आईला मात्र अगं-तुगं करतो. म्हणून आईचा मान कमी होत नाही. देवालाही आपण "तू" म्हणूनच हाक मारतो. आईने ताट वाढले म्हणून तिचे आभार मानणारा मुलगा आपल्या खेड्यात विचित्र ठरेल. युरोपीय घरात आभार न मानणारा मुलगा उद्धट ठरतो. आपला मुलगा कृतघ्न नव्हे आणि त्यांचा मुलगा परका नव्हे. प्रत्येकजण आपापल्या घरची रीत पाळतो आहे.

आज आपली मुले नोकरीसाठी पुण्यामुंबईस जातात, गोव्यास जातात, कोणी आखाती देशांत जातात. तेथे गेल्यावर त्यांस नवे धडे मिळतात. अरबांच्या बैठकीत पायाचा तळवा समोरच्या माणसाकडे करून बसणे हा अपमान समजला जातो. जपानी माणूस शेवयांचे सूप भुरके मारीत पितो आणि त्यात त्यास काही वावगे वाटत नाही. तोच भुरका इंग्रजाच्या जेवणाच्या मेजावर असभ्य ठरतो. वडीलधारी माणसे बोलत असताना नजर खाली ठेवणे आपल्याकडे मर्यादेचे लक्षण आहे. युरोपात नजर चुकविणारा माणूस काहीतरी लपवीत आहे असे समजतात. परदेशी गेलेल्या मुलाने हे जाणून घ्यावे आणि गावी राहिलेल्या बापानेही जाणून घ्यावे. म्हणजे मुलगा गावी आल्यावर "हा बिघडला" असे बापास वाटणार नाही आणि "हे मागासलेले" असे मुलास वाटणार नाही.

मस्तक झाकावे की उघडावे?

आता पुन्हा पटक्याकडे वळू. संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, प्रार्थनेच्या वेळी पुरुषाने मस्तक उघडे ठेवावे व स्त्रीने झाकावे असा उपदेश आहे. परंतु त्या काळच्या जगात सर्वांची रीत एक नव्हती. रोमी लोक यज्ञ करताना अंगावरच्या वस्त्राचा पदर डोक्यावरून घेत, तर ग्रीक लोक उघड्या मस्तकाने देवास भजत. आजचा यहुदी पुरुष डोक्यावर टोपी घालून प्रार्थना करतो. आपले बिशपही मिस्साच्या वेळी मायटर, म्हणजे तो उंच शिरोमुकुट, धारण करतात आणि मिस्साच्या मुख्य प्रार्थनेच्या वेळी तो उतरवितात.

ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न पूर्वीच पडला होता. चीन देशात उघड्या मस्तकाने थोरांपुढे जाणे हे असभ्यपणाचे मानले जात असे. तेथील जेझुइट धर्मगुरूंनी ही अडचण रोमला कळविली आणि १६१५ साली पोप पाचवे पॉल यांनी चीनमधील धर्मगुरूंस मस्तक झाकून मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. पुढे १९१७ च्या धर्मविधिसंहितेत स्त्रियांनी देवळात मस्तक झाकावे व पुरुषांनी उघडे ठेवावे असा नियम आला. पण त्याच नियमात पुरुषांविषयी एक सवलतही होती: त्या त्या लोकांची मान्य रीत निराळी असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे कोगनोळीच्या त्या पटक्याला जुन्या कायद्यातही जागा होती! आम्हीच तो नीट वाचला नव्हता. १९८३ साली जी नवी संहिता आली, तीत मस्तकाविषयीचा तो नियमच उरला नाही. आपल्या आया आजही डोक्यावर पदर घेऊन देवळात येतात, ते कायदा आहे म्हणून नव्हे. देवापुढे तसे उभे राहणे त्यांस शोभून दिसते म्हणून. तो पदर आम्हांस प्रिय आहे. पण एखादी मुलगी पदराशिवाय आली म्हणून तिची भक्ती उणी आहे असे कोणी म्हणू नये.

जी गोष्ट डोक्याची, तीच पायांची. जळत्या झुडपापाशी देवाने मोशेस पायांतील जोडे काढण्यास सांगितले, हे आपण बायबलात वाचतो. तरी युरोपातील ख्रिस्ती माणूस बूट घालूनच देवळात जातो आणि आपला शेतकरी वहाणा दाराशी काढून ठेवतो. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेविषयी जो दस्तऐवज मान्य केला, त्यात निरनिराळ्या लोकांच्या परंपरांस उपासनेत योग्य स्थान देण्याचे तत्त्व सांगितले आहे. त्याला अनुसरून २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय बिशपांच्या विनंतीस संमती दिली आणि बारा गोष्टी भारतातील मिस्सेत आणता येतील असे कळविले. जमिनीवर मांडी घालून बसणे, पादत्राणे काढणे, पंचांग प्रणाम, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, आरती आणि शांतीची खूण म्हणून जोडलेले हात, या गोष्टी त्यांत होत्या. त्या वेळी पुष्कळांनी नाके मुरडली, हेही खरे. पण संत पौलाच्या पत्रांच्या शेवटी ज्या पवित्र चुंबनाचा उल्लेख येतो, त्याचे आमच्या गावात काय झाले असते, याचा वाचकांनीच विचार करावा! चुंबनाची रीत त्या लोकांची होती. जोडलेले हात आपले आहेत. दोन्हींच्या मुळाशी बंधुप्रेम एकच. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा हस्तांदोलन टाळून जगभरचे लोक एकमेकांस दुरूनच हात जोडू लागले, हे आपण सर्वांनी पाहिले.

या बाबतीत ख्रिस्ती सत्ताधाऱ्यांच्या हातून चुका झाल्या नाहीत, असे मात्र नव्हे. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढून नवख्रिस्ती लोकांच्या शेकडो वर्षांच्या चालीरीतींवर बंदी घातली. लग्नातील हळद, विड्याची पाने, लग्नातील गाणी, पुरुषांचे धोतर, बायकांची चोळी, इतकेच काय, भात शिजविताना मीठ न घालणे, यांवरही कटाक्ष होता. प्रभू येशूचे शुभवर्तमान आणि युरोपचा पेहराव या दोन गोष्टी एकच आहेत असा तो समज होता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पंधरावा अध्याय ज्यांनी वाचला आहे, त्यांस ठाऊक आहे की हा प्रश्न यरुशलेमेच्या सभेत पहिल्या शतकातच उठला होता. यहुद्यांची सुंता परदेशी ख्रिस्ती लोकांवर लादू नये, असा निर्णय खुद्द प्रेषितांनी दिला होता. गोव्याच्या घरांत नारळाच्या रसाचे न्हाण आणि ओव्या त्या बंदीनंतरही टिकून राहिल्या. निरुपद्रवी रीत हुकमाने मरत नाही.

प्रभू येशू आणि पाहुणचाराची रीत

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सगळ्याच रीती सारख्या; ज्याला जे आवडेल त्याने ते करावे. असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. संत लूकच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढून पाहावा. शिमोन नावाच्या परुश्याने प्रभूला जेवावयास बोलाविले. पाहुणा दाराशी आला की पाय धुवावयास पाणी द्यावे, ही त्या देशाची रीत होती. आपल्याही खेड्यात ती आहे: आधी पायांवर पाणी, मग गूळपाणी, मग बोलणे. शिमोनाने ते पाणी दिले नाही. प्रभूच्या ते ध्यानात आले आणि त्याने ते बोलूनही दाखविले. म्हणजे प्रभूने लहानशा शिष्टाचारास तुच्छ मानले नाही.

पण त्याच जेवणाच्या वेळी एक पापी समजली गेलेली स्त्री आत आली. तिने आसवांनी त्याचे पाय भिजविले आणि मोकळ्या केसांनी पुसले. परपुरुषासमोर केस मोकळे सोडणे हे त्या समाजात मर्यादेचे उल्लंघन होते. शिमोनाने नाक मुरडले. प्रभूने मात्र त्या स्त्रीचा गौरव केला. रीत पाळणारा शिमोन प्रेमात उणा ठरला. रीत मोडणारी स्त्री प्रेमात पुरी उतरली. येथे आपल्या प्रश्नाची किल्ली आहे असे आम्हांस वाटते. रीत ही प्रेमाचे भांडे आहे. भांड्यात पाणी असेल तर ते कोणत्या घाटाचे आहे याने फारसे बिघडत नाही. पण ज्या भांड्यात विष ठेवले आहे, ते वाडवडिलांचे आहे म्हणून कोणी ओठांस लावीत नाही.

कोणाच्या हातचे पाणी?

विषाचे पहिले भांडे आपल्या परिचयाचे आहे. ते म्हणजे स्पर्शास्पर्शाची रीत. पाणवठा निराळा, चहाचा कप निराळा, बसण्याची जागा निराळी. ही रीतही शतकानुशतके चालत आली होती आणि तिलाही वाडवडिलांचा आधार दिला जात असे.

कोगनोळीपासून जवळच असलेल्या कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले राजर्षी शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर बसले आणि त्यांनी या रीतीवर घाव घातला. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी आपल्या राज्यातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. पुढे सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असेही हुकूम निघाले. परंतु महाराजांस ठाऊक होते की कागदावरच्या हुकमाने माणसाची जीभ बदलत नाही. गंगाराम कांबळे हा त्यांच्या पदरचा अस्पृश्य मानला गेलेला नोकर. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यास मारहाण झाली. महाराजांनी त्यास चहाचे दुकान घालण्यास मदत केली, आणि त्या दुकानात स्वतः जाऊन, बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळींसह, त्याच्या हातचा चहा घेतला. १९२० च्या मार्चमध्ये माणगाव येथे जी परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि शाहू महाराज तेथे जातीने हजर राहिले. १९२५ साली आमच्या निपाणीतही बाबासाहेबांनी बहिष्कृत वर्गाच्या परिषदेस येऊन मार्गदर्शन केले. आपण ज्या रस्त्याने बाजारास जातो, त्या रस्त्यावरचा हा इतिहास आहे.

शोमरोनी स्त्रीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. यहुदी लोक शोमरोन्यांची भांडी वापरीत नसत. भर दुपारी विहिरीच्या काठी बसून प्रभूने तिच्याकडे पाणी मागितले, तेव्हा ती चकित झाली. गंगारामाच्या दुकानातील तो चहा आणि याकोबाच्या विहिरीवरील ते पाणी, यांत आम्हांस एकच चव लागते.

आणि आपण ख्रिस्ती लोकांनी या बाबतीत कोणाकडे बोट दाखवू नये. तामिळनाडूतील वडक्कनकुलम येथील देवळात निरनिराळ्या जातींच्या भाविकांस वेगळे बसविण्यासाठी मध्ये भिंत होती. एकाच वेदीपुढे, एकाच मिस्सेस, दोन बाजूंस दोन जाती! ती भिंत १९१० साली पाडली गेली. विटांची भिंत पडली; पण सोयरीक जुळविताना, जेवणाची पंगत बसविताना आणि दफनभूमीत जागा दाखविताना मनातली भिंत अजून उभी नाही ना, हे प्रत्येकाने आपल्या घरी तपासावे. कुमसाराच्या वेळी आपण पुष्कळ लहानसहान पापे आठवून आठवून सांगतो. परंतु कोणाचा कप वेगळा ठेवला हे पाप सांगितल्याचे आमच्या कानी क्वचितच येते.

विधवेचे कपाळ

दुसरे विषाचे भांडे स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याशेजारी ठेवलेले आहे, म्हणून ते सहसा दिसत नाही. पती वारला की पत्नीच्या बांगड्या फोडावयाच्या, गळ्यातले तोडावयाचे, पायांतील जोडवी काढावयाची आणि त्या दिवसापासून तिने लग्नकार्यात पुढे यावयाचे नाही. आमच्या ख्रिस्ती घरांतही ही रीत पुसली गेलेली नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात मामा नवरीला जो चुडा भरतो, तो नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या शवपेटीवर फोडण्याची चाल होती.

ख्रिस्तसभेने विधवेच्या पुनर्विवाहास कधीही बंदी केली नाही. पती वारल्यावर स्त्री प्रभूमध्ये पुन्हा लग्न करण्यास मोकळी आहे, असे संत पौलाने स्पष्ट लिहिले आहे. यरुशलेमेच्या मंडळीत विधवांच्या भोजनाची आबाळ होऊ लागली, तेव्हा त्या कामासाठी सात सेवकांची निवड करण्यात आली. संत याकोबाच्या मते अनाथांचा व विधवांचा समाचार घेणे हा शुद्ध धर्माचा भाग आहे. असे असता आपल्या गावात विधवेला अपशकुनी कोणी ठरविले? शुभवर्तमानाने नव्हे. ते रीतीने ठरविले.

या रीतीविरुद्ध उठलेला सर्वांत मोठा आवाज एखाद्या शहरातून किंवा एखाद्या देवळाच्या व्यासपीठावरून आला नाही, तो शिरोळ तालुक्यातील हेरवाड या खेड्यातून आला, हे आम्ही नम्रपणे नमूद करतो. कोल्हापूर जिल्ह्यातील या गावच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावातून बंद कराव्यात. ते वर्ष शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे होते. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे सुचविले. एका खेड्याने जे केले, ते राज्याला शिकविण्याजोगे ठरले.

हे आम्ही एवढ्या विस्ताराने का लिहितो, ते आता सांगतो.

काही दिवसांमागे कोगनोळीस एका लग्नघरी आम्ही आशीर्वादासाठी गेलो होतो. घर त्याच पटकेवाल्या शेतकऱ्यांचे. आता त्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे. पटका मात्र पूर्वीसारखाच नीट बांधलेला. लग्न त्यांच्या नातीचे होते. नातीचा बाप काही वर्षांपूर्वी वारलेला. अंगणात मांडव पडला होता, नवरी पाटावर बसली होती आणि बायका हळद लावण्यास एकेक करून पुढे होत होत्या. नवरीची आई मात्र स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होती. नवरीची नजर पुन्हा पुन्हा त्या दाराकडे जात होती.

नवरीची थोरली चुलती आमच्याकडे वळून म्हणाली, "फादर, आईला हळद लावायची लई हौस हाय. पर तिनं हात लावू नये न्हवं? तुमीच सांगा की."

आणि आम्ही काय केले? आम्ही क्षणभर गप्प राहिलो. लग्नघरी वाद नको, पाहुणे मंडळी काय म्हणतील, असे दुबळे विचार आमच्या मनात आले. एवढ्यात खाटेवर बसलेले म्हातारबाबा काठी टेकीत उठले आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बिड्या वळून पोरगी वाढवली, तवा ह्योच हात चालला. मग आज हळदीलाच का चालंना? पोरी, ये भायेर. पयली हळद तू लाव."

मांडवात कोणी बोलले नाही. ती माउली बाहेर आली. तिचे हात थरथरत होते. तिने मुलीच्या गालाला हळद लावली आणि दोघी मायलेकी रडू लागल्या. मग चुलतीच पुढे झाली, तिने जावेचा हात धरला आणि स्वतःच्या हाताने तिच्या गालालाही हळदीचे बोट लावले.

नाईन गावच्या वेशीवर प्रभूने विधवेच्या एकुलत्या एका मुलाच्या तिरडीस हात लावला. मृतास स्पर्श करणारा अशुद्ध होतो, असे त्या लोकांचे शास्त्र होते. प्रभूने ते जाणून हात लावला. कारण त्या आईला पाहून त्यास तिचा कळवळा आला होता. त्या दिवशी कोगनोळीच्या मांडवात आम्हांस त्या वेशीची आठवण झाली. आणि ज्याने बोलावयास हवे होते तो धर्मगुरू गप्प बसला व एक शेतकरी बोलला, याची लाजही वाटली.

निवड कशी करावी?

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमच्या सांगण्यावरून पटका काढताना ज्यांस वेदना झाल्या, ते हेच गृहस्थ. ते रीतींचे वैरी नाहीत. वहाणा दाराशी काढणे, पाहुण्यास गूळपाणी देणे, थोरांपुढे नजर खाली ठेवणे, हे सारे ते आजही पाळतात आणि नातवंडांकडून पाळून घेतात. तरीही कोणती रीत ठेवावी आणि कोणती मोडावी, हे त्यांस कोणत्याही सेमिनरीत न जाता समजले. पटक्याने कोणाचे हृदय दुखावत नाही. दारामागे उभ्या केलेल्या आईचे दुखावते.

म्हणून घरात एखाद्या रीतीवरून वडील आणि मुले यांच्यात मतभेद झाला, तर भांडण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. पहिला प्रश्न: या रीतीने आपण कोणाचा मान राखतो? दुसरा: हिच्यामुळे कोणी बाहेर, दारामागे किंवा पंगतीच्या शेवटी उभे राहते काय? तिसरा: प्रभू येशू आज आपल्या ओसरीवर पाहुणा म्हणून बसला असता, तर त्याच्या देखत आपण ही रीत पाळली असती काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले आले आणि दुसऱ्याचे "कोणी नाही" असे आले, तर ती रीत जुनी असो वा नवी, आपली असो वा परक्यांची, आनंदाने चालू द्यावी. मुलाने शहरातून नवी रीत आणली असेल तर तीही याच मापाने मोजावी. नवी आहे म्हणून ती चांगली ठरत नाही आणि जुनी आहे म्हणून वाईटही ठरत नाही. पण दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एखाद्या माणसाचे नाव आले, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मनाला आधीच ठाऊक असते. मग ती रीत कितीही पूज्य असो, ती सोडण्याचे धैर्य धरावे. आणि ते धैर्य घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने प्रथम दाखवावे. वडिलांनी मोडलेली वाईट रीत पुन्हा उभी राहत नाही. मुलांनी मोडलेली मात्र वादात अडकून पडते.

शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे, या अर्थाचे प्रभूचे वचन संत मार्कने नोंदविले आहे. देवाने नेमलेल्या पवित्र दिवसाविषयी जर हे खरे, तर माणसांनी घातलेल्या रीतींविषयी ते किती पटीने खरे असले पाहिजे!

येत्या लग्नसराईत आमच्या धर्मग्रामातील कोणत्याही मांडवात एकही आई दारामागे उभी राहू नये, एवढेच आमचे मागणे आहे. हळदीची वाटी प्रथम तिच्या हाती द्यावी. आणि देवळात ज्यांस पटका बांधून बसावेसे वाटते, त्यांनी तो खुशाल बांधून यावे. दाराशी त्यांचे स्वागत करावयास आम्ही स्वतः उभे राहू.